बहुमत हिंदी, निर्णय इंग्रजांचा

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात हिंदी सभासद बहुसंख्य होते. म्हणजे सत्ता आपल्याकडे आली होती का? नाही. गृह, अर्थ आणि युद्ध ही खाती इंग्रजांकडेच होती. शिवाय देशाच्या सुरक्षिततेचं कारण देऊन मंडळाचं बहुमत बाजूला सारण्याचा कायदेशीर अधिकार व्हाइसरॉयला होता.

१० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचा उपवास सुरू केला. लिनलिथगो सुटकेला तयार नव्हते. तेव्हा वणीचे लोकनायक बापूजी अणे, होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांनी राजीनामे दिले. मजूर खातं सांभाळणारे डॉ. आंबेडकर मंडळात राहिले आणि कामगारांसाठी काम करत राहिले.

खातं चालवता येत होतं, राज्य नाही. सल्ला मानला गेला नाही, तर सभासदाच्या हाती राजीनामाच उरत होता.