देवळाची पायरी आणि पांगळा भक्त

सह्याद्रीच्या माथ्यावर, प्रवरामाईच्या उगमाशी वसलेला भंडारदऱ्याचा मुलूख देवदेवतांच्या वास्तव्याने पावन झालेला आहे. रतनवाडीस श्रीअमृतेश्वर, खाली अकोल्यास अगस्ती ऋषींचे स्थान आणि साऱ्या मुलखावर नजर ठेवून असलेली कळसूबाई माता. आईचे शिखर १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट उंच. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. कड्याला लोखंडी शिड्या बसविलेल्या असूनही धडधाकट गड्याला दम लागतो. मग पायाने अधू असलेल्याने दर्शन घ्यावे कसे? त्याचे उत्तर बारी गावाकडून चढणाऱ्यास वाटेतच मिळते. थोड्याच उंचीवर आईचे दुसरे देऊळ लागते. ज्यांना शिखर गाठणे शक्य नाही अशा वृद्ध व अपंग भाविकांसाठी ते बांधलेले आहे. भक्ताला वर जाता येईना म्हणून आईच खाली उतरली, असेच म्हणावयाचे.

ही रीत आजची नव्हे. वारकरी संप्रदायात संत कूर्मदासाची कथा कीर्तनकार मोठ्या प्रेमाने सांगतात. पैठणचा कूर्मदास हातापायांनी पांगळा. पंढरीचा महिमा कानी पडला आणि हा पोटावर सरपटत वारीला निघाला. उन्हातान्हात, दगडाकाट्यांतून मजल दरमजल करीत तो लऊळ या गावी पोचला आणि तेथे देह थकला. एकादशी तोंडावर आलेली. पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ त्याने पांडुरंगाला निरोप धाडला की, मला काही येववत नाही, तूच ये. आणि पांडुरंग देऊळ सोडून लऊळास आले, अशी श्रद्धा आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील या गावी कूर्मदासाचे मंदिर आजही आहे. अशा संतकथा ओवीबद्ध करणारे महिपतीबुवा तर नगर जिल्ह्याचेच, राहुरी तालुक्यातील ताहराबादचे. कथेत एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. कूर्मदासाने हातपाय मागितले नाहीत, भाकरीही मागितली नाही. त्याने भेट मागितली.

परंतु खरे ते लिहिले पाहिजे. कीर्तनात कूर्मदासाला डोक्यावर घेणारा समाज देवळाबाहेर आंधळ्या-पांगळ्याला पायरीवरच बसवीत आला. मागल्या जन्मीचे पाप म्हणून त्याच्याकडे बोट दाखवावे, पैसा टाकावा आणि पुण्य पदरी बांधून घरी जावे, असेच पुष्कळ ठिकाणी चालले. महारोग्याला तर गावाबाहेर काढीत.

अशा काळात शिर्डीस जे घडले ते श्रीसाईसच्चरितात नमूद आहे. भागोजी शिंदे हे महारोगाने पिडलेले भक्त साईबाबांच्या नित्य सेवेत असत. बाबा लेंडीवर निघाले की डोक्यावर छत्री धरण्याचा मान भागोजींचा. १९१० साली दिवाळीत बाबांनी धुनीत हात घालून भाजून घेतला, तेव्हा नानासाहेब चांदोरकरांनी मुंबईहून डॉ. परमानंदांना आणले. बाबांनी त्यांच्याकडून उपचार करून घेतला नाही. तूप चोळून पट्टी बांधण्याचे काम भागोजींच्याच हातून होत राहिले. ज्या हाताचा स्पर्श लोक टाळीत तोच हात बाबांनी सेवेला घेतला. चमत्कारांच्या गोष्टी सर्वांना पाठ असतात, ही मात्र फारशी कोणी सांगत नाही.

दुसऱ्या धर्माच्या चांगल्या कामाचीही नोंद घ्यावयास हवी. नगर जिल्ह्यात ज्या अमेरिकन मराठी मिशनचे मोठे कार्य झाले, त्याच मिशनच्या ॲना मिलार्ड बाईंनी १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपास आली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ति सदनात अंध स्त्रियांना बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी व विणकाम शिकविले. तिकडे वऱ्हाडात, बालपणीच दृष्टी गेलेल्या माधानच्या गुलाबराव महाराजांनी (१८८१ ते १९१५) अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ रचले व 'प्रज्ञाचक्षू' ही पदवी सार्थ केली. शिष्य लिहून घेत, महाराज सांगत.

श्रीसंत गाडगे महाराज (१८७६ ते १९५६) यांच्याविषयी काय सांगावे! पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःसाठी झोपडीही धरून ठेवली नाही. आंधळ्या-पांगळ्यांना पंगतीला बसवून जेवू घालणे हीच त्यांची पूजा. त्यांच्या दशसूत्रीत अंध, पंगू व रोगी यांना औषधोपचार हे एक सूत्रच आहे. देणगीदारांनी पैसा कोठे घालावा हे बाबा कीर्तनात तोंडावर सांगत आणि लोक ऐकत.

पुढे शासनानेही पावले टाकली. १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली आणि धर्मादाय म्हणून मिळणारी मदत तहसील कचेरीत अर्ज करून मागता येऊ लागली. मात्र अपंगत्वाच्या दाखल्यासाठी दवाखान्याच्या खेपा पायांनी चालणाऱ्यालाही नकोशा होतात, हेही तितकेच खरे. त्या खेपेला गावातले कोणी सोबत गेले तर ते अन्नदानाहून कमी नाही. १९९५ व २०१६ च्या कायद्यांनी अपंगांना सार्वजनिक जागी सुलभपणे येता-जाता यावे हा हक्क ठरविला. आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द बदलला, पायऱ्या तेवढ्याच राहिल्या.

जुन्या देवळांची जोती उंच, उंबरठे त्याहून कठीण. जीर्णोद्धाराला हात घातला की शिखर, कळस, फरशी यांचा हिशेब प्रथम होतो. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचा हिशेब अगदी सोपा आहे. एक फूट उंचीस बारा फूट लांबी धरावी. जोते तीन फूट असेल तर छत्तीस फूट. एवढी सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन वळण घ्यावे. बाजूस धरावयास कठडा हवा, आणि फरशी गुळगुळीत नको, कारण डांगाणातला पाऊस सर्वांस ठाऊक आहे. हे काम दगड लावतानाच थोड्या खर्चात होते. फरशी बसल्यावर ती फोडणे कोणाच्याही जिवावर येते.