कमरेच्या दोराची कुळकथा

विहिरीतला गाळ काढायला उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि दुसरं टोक काठावरच्या चौघांनी धरायचं, ही रीत धाराशिवकडच्या गावांना नवी नाही. गोदामातला ‘सेफ्टी बेल्ट’ याच कुळातला. तारेच्या खांबांवर चढणाऱ्या लाइनमनच्या कमरेला दोराचा चामडी पट्टा झाला. पण तो होता खांबाला रेलून हात मोकळे ठेवण्यासाठी. पडणाऱ्याला झेलायचं काम त्याच्यावर नंतर आलं, आणि ते त्याला झेपणारं नव्हतं.

दीड मीटर पडून दोर ताठ होतो, तेव्हा माणसाचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. तो कमरेवर एकदम अडवला, तर हिसका पोटावर आणि मणक्यावर बसतो. माणूस उलटा झाला, तर पट्ट्यातून निसटतोही.

उपाय निघाला तो दुसऱ्या महायुद्धातून आणि डोंगरातून. जपानने फिलिपिन्स घेतल्यावर मनिला तागाचा पुरवठा तुटला आणि ताणला जाणारा नायलॉनचा दोर पुढे आला, तो गिर्यारोहकांच्याही हाती पडला. मांड्या-खांद्यांवर भार वाटणारे पट्टे पॅराशूटवाल्यांकडे होतेच. तरी अमेरिकेत पडणाऱ्याला झेलण्यासाठी कमरपट्टा वापरायला बंदी आली, ती थेट १ जानेवारी १९९८ पासून. आता अशा अंगभर पट्ट्यांच्या, म्हणजे पूर्ण हार्नेसच्या, दोराला घडी घालून शिवलेली पट्टी असते. हिसका बसला की तिची शिवण उसवत जाते आणि जोर जिरतो.

माल काढणाऱ्याला फलाटासकट वर नेणाऱ्या यंत्रावर हा दोर यंत्रालाच अडकवतात. कळंब-उमरग्याकडच्या गोदामांत सोयाबीनच्या थप्पीवर चढलेल्या हमालाने तो कशाला अडकवायचा? खांब नाही, कठडा नाही. पायाखालची उंची त्यानेच पोत्यावर पोतं रचून केलेली, आणि ट्रक लागला की तीच उपसायची. छताच्या कैचीला तार ताणता येईल, पण कैची तेवढा झटका पेलेल का, हे आधी इंजिनिअरने तपासायला हवं. नुसते बेल्ट वाटून काही होत नाही.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ३२ उंचीवरच्या कामाला कठडा किंवा दुसरी सोय मागायचं. साखर कारखान्याला ते लागू व्हायचं. अडत्याचं गोदाम बहुधा त्याबाहेर राहायचं. तिथे उरतो जुना हमाली शहाणपणा: पोती आडवी-उभी गुंफायची, थप्पीला पायऱ्या ठेवायच्या, आणि खालचं पोतं कधी ओढायचं नाही. घाईत पहिल्यांदा मोडला जातो तो हा शेवटचा नियम.