तारण कुणाचं?



१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी दंगा झाला. सावकारांची दुकानं फुटली. पुढं हे लोण गावोगाव पसरलं, तेव्हा लोकांचा डोळा पैशाअडक्यापेक्षा कर्जाच्या खतांवर होता. खत हाती आलं की जाळायचं!

शेतकऱ्याचा हा संताप सरकारदप्तरी नोंदला गेला. १८७९ च्या कायद्यानं खतामागचा खरा व्यवहार तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाईची सोय झाली. पण गावात का नुसता शेतकरीच राहतो? लोहाराचं पाहा. लोखंड, कोळसा आणायचा रोखीनं, आणि बलुतं मिळायचं खळ्यावर. मधले महिने कसे काढायचे? तगाई होती विहिरीसाठी, बैलासाठी, बियाण्यासाठी. भात्यासाठी नव्हती.

‘कारागीर’ हा शब्द आला तो १९०४ सालच्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यात. शेतकरी, कारागीर आणि बेताच्या ऐपतीची माणसं, अशा तिघांसाठी तो होता. कल्पना जर्मनीतली. तिकडं रायफायझेन नावाच्या एका गावप्रमुखानं ती रुजवली होती. एकट्याला तारण नसेल, तर दहाजणांनी मिळून एकमेकांना जामीन राहावं. मुंबई इलाख्यात १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळला अशी पेढी निघाली.

कल्पना सुरेख, पण तिच्यात एक मेख होती. गावच्या पेढीत जबाबदारी अमर्याद. शेजाऱ्यानं बुडवलं तर आपल्या घरावर येणार! मग ज्याच्याकडं चार पैसे आहेत तो कशाला आत शिरतो? आणि नुसत्या गरिबांच्या जामिनावर किती भांडवल उभं राहणार? १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेनं ६०० खेड्यांची पाहणी करवली. गोरवाला समितीचा अहवाल १९५४ साली आला. प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जात सहकारी पेढ्यांचे जेमतेम तीन, सरकारचेही तीनच, आणि व्यापारी बँकांचा तर एक रुपयासुद्धा नाही. पन्नास वर्षांच्या खटपटीचं हे फळ.

त्यातून १९५५ साली स्टेट बँक जन्मली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायच्या, असं बंधन तिच्यावर होतं. छोट्या कारखानदारांना कर्ज देण्याची योजना तिनं १९५६ साली प्रयोग म्हणून सुरू केली. पण मला विचाराल तर खरं वळण आलं ते १ जुलै १९६० रोजी, आणि त्याचा गाजावाजा फारसा झाला नाही. लघुउद्योगाचं कर्ज बुडालं तर तोट्याचा वाटा सरकारच्या वतीनं उचलायचा, अशी हमी योजना त्या दिवशी सुरू झाली. आरंभी २२ जिल्ह्यांत, १९६३ पासून देशभर. म्हणजे जो जामीन पूर्वी शेजारी होता, तो आता सरकार झालं.

पुढं १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. २००० साली तारणाशिवायच्या कर्जाला हमी देणारा निधी उभा राहिला. २०१५ साली मुद्रा योजना आली. तिच्या ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज, तेही बिनतारणी. सुप्याच्या लोहाराला कोळशासाठी एवढंच हवं होतं.