झाडीपट्टीतला ऑक्टोपॅड

धानाची कापणी-मळणी आटोपली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीत नाटकाचे मंडप उभे राहतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, तेही पार पहाटेपर्यंत. दिवाळीपासून होळीपर्यंत हा हंगाम चालतो.

या रंगभूमीची मुळं दंडार या लोकनाट्यात आहेत. १८८० साली किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून बहरलेलं संगीत नाटक पुढे शहरांत ओसरलं, झाडीत मात्र ऑर्गन-तबल्याची साथ सुटली नाही.

मग त्या साथीत वीज शिरली. १९८५ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने ऑक्टोपॅड आणला. आठ रबरी चौकोन, प्रत्येकाला वेगळा आवाज जोडता येणारे. पुढे तो झाडीतही पोचला. खलनायक विंगेतून बाहेर आला की वादकाची काठी एका चौकोनावर पडते आणि मंडप दचकतो. लगेच पुढच्या प्रवेशात तबला बोलू लागतो. जुन्याला न हाकलता नव्याला शेजारी बसवलं, हे झाडीचं मोठं शहाणपण. गाणी तर आजही नट रंगमंचावर उभं राहून स्वतःच म्हणतात.

गुरनोलीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली.

नाटकांच्या तारखा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला, नाट्यमंडळांच्या कार्यालयांत ठरतात. या हिवाळ्यात एक रात्र काढा, घोंगडी घ्या आणि वादकांच्या जवळची जागा धरा.