पाखरं गेली, नारुको राहिला

ऑगस्टमध्ये जपानमधल्या कोची शहरात गेलात, तर रस्त्यावर रॉकच्या ठेक्यावर नाचत पुढे सरकणारी पथकं दिसतील. एकेका पथकात दीडशेपर्यंत माणसं, सोबत गाणं वाजवणारा ट्रक आणि प्रत्येकाच्या हातात लाकडाचा एक छोटा खुळखुळा. या नाचाचं नाव योसाकोई. लोकनृत्य म्हणतात खरं, पण यात 'लोक'परंपरा नेमकी कुठे आहे?

आधी तो खुळखुळा बघू. त्याला नारुको म्हणतात. मुळात हे शेतातलं साधन. फळीला लाकडाचे किंवा बांबूचे तुकडे टांगायचे. दोरी ओढली की खडखडाट होऊन भातावरची पाखरं उडायची. १९५४ साली कोचीच्या व्यापारी मंडळाने युद्धानंतरच्या मंदीतून शहराला वर काढायला एक उत्सव सुरू केला. शेजारच्या तोकुशिमाकडे आवा ओदोरी हा जुना, गाजलेला नाच होताच. मग ताकेमासा एइसाकु या संगीतकाराने जुन्या लोकगीताचा आधार घेऊन नवं गाणं बांधलं आणि नाचणाऱ्यांच्या हाती नारुको दिला. म्हणजे ही परंपरा चक्क ठरवून बनवलेली आहे!

मग ती खोटी का? मला तसं वाटत नाही. ताकेमासाने आपली चाल बदलायची मोकळीक सगळ्यांना दिली. अटी मोजक्याच राहिल्या: हातात नारुको हवा, नाचत पुढे जायचं आणि संगीतात मूळ गाण्याचा एक तुकडा यायलाच हवा. बाकी सांबा करा, रॉक करा.

जीवशास्त्रात असंच काहीसं दिसतं. एकच प्रथिन वेगवेगळ्या जिवांत तपासलं, तर त्याचं काम ज्यावर अवलंबून असतं त्या थोड्या जागा जवळजवळ तशाच सापडतात. उरलेला भाग बराच बदललेला असतो.

योसाकोईत तर या 'पक्क्या' जागांपैकीही एक बदलली. १९९२ मध्ये होक्काइदोतल्या एका विद्यार्थ्याने हा उत्सव साप्पोरोला नेला. नारुको तोच ठेवला, पण कोचीच्या गाण्याऐवजी तिथलं 'सोरान बुशी' घेतलं. हे कोळ्यांचं गाणं, जाळ्यातली हेरिंग मासळी उपसताना म्हणायचं. पहिल्या वर्षी १० पथकं आणि सुमारे १,००० नाचणारे होते. पुढे जपानभर गावोगावी असे उत्सव सुरू झाले आणि कित्येक ठिकाणी त्या जागेवर आपापलं लोकगीत आलं.

आता गंमत बघा. १९५० च्या दशकातच होक्काइदोच्या किनाऱ्यावरची हेरिंग जवळजवळ नाहीशी झाली होती. नारुकोने पाखरं हाकायचे दिवसही गेले. कामं संपली, पण त्यांचे आवाज नव्या पिढीच्या हातात आणि तोंडी आले.

याची किंमतही आहे. एक तुकडा राखला की अट पूर्ण होते. बाकीचं जुनं गाणं गळून पडलं तरी कुणी अडवत नाही. म्हणून योसाकोईचा व्हिडिओ लावलात, तर रॉकच्या गदारोळात तो जुना तुकडा कुठे येतो ते कान देऊन ऐका. काही वेळा तो जेमतेम काही सेकंदांचाच असतो.