शाळेतल्या ‘काकां’ची पोलीस पडताळणी झालीय? पण त्या कागदातून नेमकं काय कळतं?

ऑगस्ट 2024. बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं समोर आलं. आरोप होता शाळेतल्या सफाई कर्मचाऱ्यावर. तो कंत्राटी पद्धतीने त्याच महिन्यात कामाला लागला होता. 20 ऑगस्टला संतापलेले लोक बदलापूर स्टेशनच्या रुळांवर उतरले आणि लोकल तासन् तास ठप्प झाली. पुढच्या महिन्यात हा आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात मारला गेला, त्यामुळे त्याच्यावर खटला चाललाच नाही.

रेल रोकोच्या दुसऱ्याच दिवशी राज्य सरकारने शाळांच्या सुरक्षेबाबत जीआर काढला. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी असं बरंच काही त्यात होतं. तेव्हापासून पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न सतत फिरतो: “आपल्या शाळेतल्या स्टाफचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का?”

प्रश्न बरोबर आहे, पण त्यावर “हो, झालंय” असं उत्तर मिळालं की पालक निश्चिंत होतात. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

हा नियम बदलापूरनंतर आला का?

नाही. लहान मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा 2012 चा आहे. त्याचे सुधारित नियम मार्च 2020 मध्ये आले. मुलं राहतात किंवा मुलांशी नियमित संबंध येतो अशा प्रत्येक संस्थेने कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायलाच हवी, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. फक्त शिक्षकांची नाही, तर शिपाई, मावशी, कायमस्वरूपी, कंत्राटी अशा सगळ्यांची. शाळेसोबत पाळणाघर आणि क्रीडा अकादमीचाही त्यात उल्लेख आहे. शिवाय ही पडताळणी एकदा करून संपत नाही, ती ठरावीक काळाने पुन्हा करायची असते.

म्हणजे बदलापूरची घटना घडली तेव्हा नियम चार वर्षं जुना होता. त्याही आधी, 2017 मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या विद्यार्थ्याचा खून झाल्यावर सीबीएसईने आपल्या शाळांना असेच आदेश दिले होते. घटना घडली की परिपत्रक निघतं आणि पुढच्या घटनेपर्यंत ते फायलीत राहतं, असं हे चक्र आहे.

पडताळणीत पोलीस काय बघतात?

महाराष्ट्रात चारित्र्य पडताळणीसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो द्यावा लागतो. त्या व्यक्तीच्या नावावर गुन्ह्याची नोंद आहे का, हे पोलीस आपल्या रेकॉर्डमध्ये बघतात. नोंद नसेल तर प्रमाणपत्र मिळतं.

या कागदाचा अर्थ एवढाच, की त्या तारखेपर्यंत या नावाच्या माणसाविरुद्ध नोंद सापडली नाही. ‘हा माणूस मुलांसाठी सुरक्षित आहे’ असं तो कागद म्हणत नाही. ज्या तक्रारी पोलीस ठाण्यापर्यंत गेल्याच नाहीत, त्यांचा पत्ता या प्रमाणपत्राला नसतो. आणि मुलांच्या बाबतीत अशा तक्रारी मोठ्या संख्येने घरातच किंवा मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये ‘मिटवल्या’ जातात.

ब्रिटनला हा धडा फार महागात पडला. सोहम नावाच्या छोट्या गावात 2002 मध्ये दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी होता गावातल्याच एका शाळेचा केअरटेकर. नोकरी देताना त्याची तपासणी झाली होती आणि ती ‘क्लीन’ आली होती. प्रत्यक्षात आधी तो जिथे राहायचा, तिथल्या पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराच्या अनेक तक्रारी आल्या होत्या, पण एकातही शिक्षा झाली नव्हती. ती माहिती नीट जपून ठेवलेली नव्हती. वर त्याने अर्ज दुसऱ्याच आडनावाने केला होता आणि तपासणीही त्याच आडनावाची झाली.

त्यानंतर चौकशी समिती बसली, कायदा बदलला. आज तिथे ‘डीबीएस’ नावाची यंत्रणा आहे. मुलांसोबतच्या कामांसाठी ती शिक्षा झालेल्या गुन्ह्यांसोबत पोलिसांकडची इतर गंभीर माहितीही तपासते. मुलांसोबत काम करायला बंदी असलेल्यांची वेगळी यादीही तिच्याकडे असते. मुलांना इजा केली म्हणून एखाद्याला कामावरून काढलं, तर त्याची माहिती या यंत्रणेला देणं संस्थेला बंधनकारक आहे.

मग आपल्याकडे अशी यादी नाही?

लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस 2018 मध्ये सुरू झालाय. पण तो फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांसाठी आहे. शाळेला तो उघडून बघता येत नाही.

त्यामुळे एका शाळेने “उगाच बोभाटा नको” म्हणत एखाद्याकडून राजीनामा घेतला, हातात अनुभव प्रमाणपत्र दिलं, की तो दुसऱ्या गावातल्या शाळेत सहज लागतो. खरं तर पॉक्सोच्या कलम 19 नुसार अशी घटना कळली तर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने लपवला, तर कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जुन्या शाळेला एक फोन करून “याला पुन्हा कामावर घ्याल का?” एवढं विचारलं तरी कधीकधी प्रमाणपत्रापेक्षा जास्त कळतं.

दुसरी गळती कंत्राटदाराची. शाळा करार करते एजन्सीशी. पडताळणी होते यादीतल्या माणसाची. तो सुट्टीवर गेला की ‘बदली’ म्हणून कुणीतरी येतो. त्या बदलीवाल्याचं नाव शाळेतही अनेकदा कुणाला माहीत नसतं.

याला दुसरी बाजूही आहे. गुरुग्राम प्रकरणात आधी अटक झाली ती बस कंडक्टरला. नंतर सीबीआयने त्याच शाळेतल्या मोठ्या वर्गातल्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं आणि 2018 मध्ये कोर्टाने कंडक्टरला आरोपमुक्त केलं. संशयाची सुई पहिल्यांदा सगळ्यात कमी पगाराच्या माणसाकडे वळते. पडताळणीही बहुतेकदा त्याचीच कडक होते. ट्रस्टी, कोच, संगीत शिक्षक यांना विचारायला सगळे कचरतात. नियम मात्र मुलांच्या संपर्कात येणारा कर्मचारी म्हणतो, हुद्दा बघत नाही.

पालकांनी शाळेला काय विचारावं?

“पडताळणी झाली का?” याऐवजी “शेवटची कधी झाली, आणि एजन्सीच्या माणसांची कोण करतं?” असं विचारा. बदली कर्मचारी आला तर त्याला मुलांजवळ एकटं सोडतात का? लहान मुलांना टॉयलेटला कोण नेतं? स्कूल बसमध्ये महिला अटेंडंट रोज असते की फक्त तपासणीच्या दिवशी? हे प्रश्न एकट्याने विचारले तर टाळाटाळ होऊ शकते. पालक-शिक्षक सभेत विचारा आणि उत्तर लेखी मागा.

घरी येणारे ट्यूशनचे सर किंवा मुलांना सांभाळणाऱ्या ताई ‘संस्था’ नाहीत, त्यामुळे हा नियम त्यांना थेट लागू होत नाही. तिथे ओळखपत्र, आधीच्या दोन घरांचे फोन नंबर आणि खोलीचं उघडं दार, एवढं तरी आपल्या हातात असतं. “ओळखीतलाच आहे” हे कारण मात्र पुरेसं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदी विभागाच्या आकडेवारीत पॉक्सोच्या बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो.

मूल अचानक शाळेत जायला नको म्हणत असेल, ठरावीक माणसाचं नाव काढताच गप्प होत असेल, तर प्रमाणपत्र आहे की नाही हे बघत बसू नका. चाइल्ड हेल्पलाइन 1098 चोवीस तास सुरू असते, तातडीची गरज असेल तर 112. पोलिसांकडे जाण्यासाठी शाळेच्या परवानगीची गरज नाही.