क्रूसावरची अक्षरे

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "त्या बाटल्या ना?" प्रश्न खोटा नाही. 1883 साली इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. परंतु भगिनींनो, त्यानंतरच्या दोन वर्षांत बाईंनी जे केले, ते फारसे कोणी सांगत नाही. आणि मला तर तेच अधिक मोलाचे वाटते.

श्रद्धा त्यांना नवी नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ते रमेला दिले. तीर्थे, व्रते, पुराणकथन, हेच त्या कुटुंबाचे जीवन. पुढे दुष्काळात 1874 च्या सुमारास आईवडील अन्नावाचून गेले. भाऊ श्रीनिवास आणि रमा पायी हिंडत 1878 साली कलकत्त्यास पोचली. तेथे विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले खरे, पण देवांवरचा विश्वास वाटेतच आटत चालला होता. 1880 साली भाऊ गेला. 1882 च्या आरंभी पती बिपिनबिहारी पटकीने गेले. मूल वर्षाचेही झाले नव्हते. त्याच वर्षी पुण्यास येऊन बाईंनी आर्य महिला समाज काढला. आणि पुढच्या वर्षी विलायत.

वाँटेजच्या मठातील जोगिणींनी त्यांना मायेने ठेवून घेतले. सिस्टर जेराल्डिनला तर मनोरमा 'आजीबाई' म्हणे. पण माया वेगळी आणि हुकमत वेगळी. बाई अंडे घातलेला पुडिंगही खात नसत. जोगिणींना त्यात जातीचा ताठा दिसला. (स्वयंपाकघरातील तंटे कुठल्याच धर्माला चुकलेले नाहीत!) क्रूसावर लॅटिन अक्षरे असत. बाईंनी विचारले, आमची जुनी संस्कृत भाषा लॅटिनहून कमी पवित्र आहे काय? पुढे चेल्टनहॅमला मुलग्यांना शिकविण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली: स्त्रीने पुरुषांना शिकविणे स्वदेशात तिच्या नावाला बाधेल. ज्या बाईने भर सभांत शास्त्र्यांपुढे व्याख्याने दिली, तिला हे ऐकावे लागले! बाईंनी 1885 च्या पत्रांतून स्पष्ट कळविले की आपल्या भटांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले आहे, आता दुसरे चढवून घेणार नाही. बायबल वाचीन, ख्रिस्ताला मानीन, पण माझ्या विवेकाचा निवाडा दुसरा कोणी करणार नाही. हे त्या कोणाला लिहीत होत्या? ज्यांच्या घरी परदेशात आपण आणि आपले मूल राहिलो, त्यांना. आश्रय देणाऱ्याला 'नाही' म्हणणे किती जड असते, हे आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहे.

1889 च्या 11 मार्चला मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. भावाने आणून सोडलेली. तेथे शिकून 1893 साली त्यांनी अण्णासाहेब कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या शेवटपर्यंत हिंदूच राहिल्या.

परंतु त्याच साली सदनावर वादळ आले. सदन तोवर पुण्यास आले होते. बाई सकाळी प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आत येऊन बसत. धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ करणार नाही, असे सदनाचे वचन होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या. बाईंचे म्हणणे असे, की माझ्या घरात मी दार का लावू? मला वाटते, येथे दोन्ही बाजूंना काही सत्य होते. मुलींचे कोवळे वय आणि बाईंचा दरारा पाहता उघडे दारही एक प्रकारचे बोलावणेच होते. पण ज्या मुली नेल्या, त्यांचे पुढे घरी काय झाले असेल, तो विचारही मन सोडीत नाही.

1896–97 च्या दुष्काळात बाईंनी मध्यप्रांतातून शेकडो मुली आणून केडगावला ठेवल्या. दुष्काळात आईवडील गमावलेल्या स्त्रीला त्या मुलींचे चेहरे ओळखीचेच वाटले असतील. ते मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती होते. बायका तेथे शेती करीत, छापखाना चालवीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून बाई बायबल सोप्या मराठीत उतरवीत बसल्या. 1921 साली मनोरमा गेली तरी ते काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी बाई गेल्या, आणि बायबलाची छपाई केडगावच्या बायकांनी पुरी केली.